मदत हवी आहे : गार करताना रिटॉर्टमध्ये पाऊच फुटतायत

नमस्कार मंडळी. सांगलीत, कुपवाड एमआयडीसीत छोटा गाळा आहे. अख्खा मसूर पाऊचमध्ये भरून, फ्रीजशिवाय टिकेल असा विकायचाय. त्यासाठी वाफेवरचा जुना उभा रिटॉर्ट (भरलेले पाऊच दाबाखाली तापवून निर्जंतुक करायचं बंद भांडं) घेतला. आई म्हणते, हा तर लग्नघरातला कुकर!

मसुराचा पीएच 4.6 च्या वर (आंबटपणा कमी), म्हणजे बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंचे बीजाणू मारायला पाऊचच्या मधोमध 121 अंश सेल्सिअस किमान 3 मिनिटं हवंच, एवढं कळलंय. गेजवर 1 बारच्या थोडा वर दाब ठेवतो. घोळ पुढे होतो. वाफ बंद करून गार पाणी सोडलं की भांड्यातला दाब झटकन उतरतो, पाऊचमधला तसाच राहतो, आणि दहातले तीन-चार सीलवर उलतात. पत्र्याचे डबे हे सोसत असतील, पाऊच नाही.

गार करताना कॉम्प्रेसरच्या हवेने दाब धरून ठेवायचा म्हणतात, तो किती आणि कुठवर? शिवाय सुरुवातीला आतली हवा पुरती गेली नाही तर दाब दिसतो पण तापमान कमीच असतं. तुम्ही व्हेंट (हवा बाहेर सोडायची झडप) किती वेळ उघडा ठेवता? आणि सांगली-साताऱ्याकडे पाऊचमध्ये थर्मोकपल (तापमान मोजायची तार) घालून चाचणी करून देणारं कुणी आहे का? तोवर एकही पाऊच विकत नाही.