जुनं कॉइन-ऑप (नाणं टाकून खेळायचं) आर्केड मशीन घ्यायचंय: किंमत टिकेल असं कोणतं?

तीनजीव:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मनात होतं, आता जागाही झाली आहे आणि थोडे पैसेही साठलेत. एका जुन्या साठ्यातून तीन मशीन विक्रीला निघाली आहेत, त्यातलं एकच घेता येईल.

१) ॲस्टेरॉइड्स, १९७९. कॅबिनेट (बाहेरचा लाकडी डबा) मूळचं दिसतंय, पण पडद्यावर काहीच येत नाही.
२) टेम्पेस्ट, १९८१. "एकदम चालू" म्हणतात, पण सुरू करून दाखवायला मालक तयार नाही.
३) स्ट्रीट फायटर २, १९९१. झकास चालतं. कॅबिनेट मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी खेळाचं, बाहेरून काळा रंग फासलेला.

घेणार खेळायलाच, पण दहा वर्षांनी विकायची वेळ आली तर पैसे बुडू नयेत. माझा साधा हिशोब असा की जितकं जुनं तितकं मोलाचं, म्हणजे ॲस्टेरॉइड्स. बरोबर ना?

सोल्डरधूर:
हिशोब चुकतोय. वय बघून किंमत ठरत असती तर १९५०-६० च्या दशकांतली रिले आणि घंटांवर चालणारी पिनबॉल सगळ्यात महाग असती. तशी ती नाहीत. ज्यांनी ती लहानपणी खेळली ती पिढी आता खरेदी करण्याच्या वयातून पुढे गेली आहे.

या मशीनची किंमत आधी खाली जाते, मग वर येते. नवं असताना ते कमावतं जनावर असतं. पेटीत आठवड्याला किती नाणी पडतात तेवढीच त्याची किंमत. लोकांना कंटाळा आला की चालवणारा आतला बोर्ड आणि वरची पाटी बदलून त्याच डब्यात नवा खेळ घालायचा. १९८५ मध्ये जॅमा नावाची जोडणी ठरली आणि मग तर एक प्लग काढून दुसरा लावला की काम झालं. तुमचं तिसरं मशीन बहुतेक असंच जन्मलंय. याच काळात ढिगांनी कॅबिनेट मोडीत गेली. खेळणारी पोरं मोठी होऊन कमावती झाली तेव्हा भाव परत चढले, पण मूळ रूपात उरलेल्यांचेच.

म्हणून माझं मत: बोर्ड आणि मॉनिटर दुरुस्त होतात. लाकूड आणि त्यावरची मूळ छपाई एकदा गेली की गेली. पैसे त्याचे द्या.

शाल्मली:
सोल्डरधूर, बाकी पटलं, पण मग दुर्मीळपणाचं काय? ॲस्टेरॉइड्सची ७०,००० च्या वर मशीन निघाली होती. इतकी असताना किंमत टिकेल?

आणि नव्वदीत खेळलेले लोक (मी धरून) आत्ता कुठे कमावून जागा घेतायत. आमची लाट ॲस्टेरॉइड्सवर नाही, स्ट्रीट फायटरवर येणार.

सोल्डरधूर:
ताई, नुसत्या आकड्याने काही होत नाही. मिस पॅक-मॅनची मशीन लाखाच्या वर निघाली, तरी चांगलं कॅबिनेट आलं की गिऱ्हाईक उभंच, कारण घरातल्या प्रत्येकाला तो खेळ कळतो. उलट कोणी न खेळलेला रद्दी खेळ कितीही दुर्मीळ असो, घेणारे दोनच असतात आणि दोघेही घासाघीस करतात. दुर्मीळ आणि शिवाय चांगला, असं जुळलं की मात्र भाव भडकतो. ॲटारीचं क्वांटम त्यातलं.

लाटेचं म्हणणं मान्य, पण त्यात एक मेख आहे. १९९७ मध्ये मेम (MAME) नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि जुने खेळ घरच्या संगणकावर चालायला लागले. तेव्हापासून "साधा डबा, साधा मॉनिटर, जॅमा बोर्ड" या प्रकाराला पर्याय मिळाला. ॲस्टेरॉइड्सच्या व्हेक्टर पडद्याला तसा पर्याय नाही. तिथे किरण थेट रेघ ओढतो, गोळी अक्षरशः डोळ्यांत चमकते. सपाट पडद्यावर ते उतरत नाही.

गंजका_स्क्रू:
टेम्पेस्टपासून सावध. मालक सुरू करत नाही यातच उत्तर आलं. त्यातला रंगीत व्हेक्टर मॉनिटर नखरेल म्हणून प्रसिद्ध आहे, एक ट्रान्झिस्टर जाताना शेजारच्यांनाही घेऊन जातो. ॲस्टेरॉइड्सचा काळा-पांढरा त्या मानाने गरीब प्राणी.

माझी फजिती सांगतो. "काल चालू होतं" या एका वाक्यावर एक मशीन आणलं. घरी मागचं दार उघडलं तर बोर्डावरची बॅटरी फुटून हिरवी बुरशी आल्यासारखे तांब्याचे पट्टे खाल्लेले. सहा महिने पट्टे जोडत बसलो. विकणारा नंतर फोन उचलेना. तेव्हापासून आधी मागचं दार, मग गप्पा.

शाल्मली:
बॅटरीवरून आठवलं, स्ट्रीट फायटरवाल्या कॅपकॉम कंपनीच्या सीपीएस-२ बोर्डांवर तर बॅटरी संपली की खेळ उघडणारी सांकेतिक किल्लीच पुसली जायची आणि बोर्ड मेला. हल्ली ते परत जिवंत करता येतात, त्यामुळे "मेलेला बोर्ड" म्हणून कुणी फुकापासरी विकत असेल तर मी आनंदाने घेते. :)

तीनजीव:
बापरे, मी तर तेल पुसून रंगवून घ्यायचं म्हणत होतो. बघायला जाताना नेमकं काय तपासू?

सोल्डरधूर:
रंगवू नका! टॉर्च न्या. मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक आणि बोर्डांवरचे क्रमांक जुळतात का पाहा. तळाची फळी बोटाने दाबा, पाणी प्यायलेली असेल तर भुगा पडेल. अंधार करून मशीन लावा आणि पिक्चर ट्यूबच्या मानेत नारिंगी उजेड दिसतो का बघा. दिसला तर निदान तिथली तार शाबूत आहे. आत हात घालू नका, ट्यूब बंद असतानाही झटका देते.

अवांतर: बदललेलं मशीन म्हणजे कमी मोलाचं, याला एक गोड अपवाद आहे. निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या शाखेने रडार स्कोप या खेळाची ३,००० मशीन मागवली, २,००० च्या आसपास पडून राहिली. त्यांत १९८१ मध्ये डाँकी काँग बसवला. सुरुवातीची ती लाल कॅबिनेट आज लोक शोधत फिरतात.

तीनजीव:
आज जाऊन आलो. ॲस्टेरॉइड्स: क्रमांक जुळले, तळ कोरडा, मानेत उजेड आहे. एका बाजूची छपाई उन्हाने विटलीय, तेवढंच. टेम्पेस्टचा मालक परत "तापायला वेळ लागतो" म्हणाला, मी नमस्कार केला. ॲस्टेरॉइड्स ठरवलं. म्हणजे माझं उत्तर बरोबर आणि कारण चूक. :)

एक गंमत. तिसऱ्यावर टॉर्च तिरका मारला तर काळ्या रंगाखाली जुन्या छपाईच्या कडा उठून दिसतात. गोलसर काहीतरी, शेजारी एक मोठं अक्षर. ओळखू आलं नाही.

गंजका_स्क्रू:
फोटो टाका.

शाल्मली:
नका टाकू. विकणाऱ्याचा नंबर आधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.