पाटीवर 'ॲक्सेसरीज'ला मराठीत काय लिहू?

मोंढ्यातला दुकानदार, परभणी
ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान आहे. पोळ्याआधी नवी पाटी रंगवायचीय. जुनीवर 'स्पेअर पार्ट्स व ॲक्सेसरीज' आहे, ते मला मराठीत पाहिजे. पेंटर म्हणायलाय, दोन्हीला मिळून 'सुटे भाग' लिहा. मला पटंना. परवा एक शेतकरी नव्या ट्रॅक्टरचा कागद घेऊन आला. त्यात ॲक्सेसरीज म्हणून टूल, टॉप लिंक, हूक, ड्रॉबार, बंपर अन् हूड. त्याला वाटलं, फिल्टर अन् फॅनबेल्टबी त्यातच आले. पैसे सांगितले तसं त्याचं तोंड उतरलं. त्याची काय चूक? त्याला कुणी फोड करून सांगितलंच नव्हतं. आणखी एक, पोरगी 'ॲक्सेसरी' म्हणते, आम्ही सगळे 'असेसरी'. बरोबर कोण?

लातूरची शिक्षिका
मुलगी बरोबर आहे. स्पेलिंगमध्ये दोन सी असतात, पहिल्याचा क, दुसऱ्याचा स. 'सक्सेस' म्हणतो ना, तसंच. शब्द मूळचा लॅटिन, मुख्य वस्तूला येऊन मिळालेलं ते. म्हणून साडीवरची पर्स, मोबाइलचं कव्हर, सगळंच ॲक्सेसरी.

बीडहून, वकिली करतो
इंग्लंडच्या कायद्यात माणूससुद्धा ॲक्सेसरी असतो, गुन्हा स्वतः न करता त्याला हातभार लावणारा. आपल्या कायद्यात त्यासाठी 'अपप्रेरणा' आहे. पाटीला उपयोग नाही, पण अर्थाचा धागा तोच.

अंबाजोगाईकडचा शेतकरी
दादा, बैल डोळ्यापुढं आणा. जू, कासरा नसला तर औत जाग्यावर. झूल, घुंगरमाळ, शिंगाच्या शेंब्या नसल्या तरी वखर चालतोच. त्याला आपण साज म्हणतो. 'साज' लिहा.

मोंढ्यातला दुकानदार, परभणी
साज शब्द लई गोड आहे. हूडला, बंपरला शोभंल. पण टॉप लिंकला साज कसं म्हणू? ती नसली तर ट्रॅक्टर चालू होईल, पण मागं नांगर जोडता येणार नाही. फिल्टर बाद झाला की इंजिनच धोक्यात. फरक तिथं आहे: झिजलं की बदलायचं तो सुटा भाग, वरून जोडून कामाला येतं ते जोडसामान.

लातूरची शिक्षिका
'जोडसामान' छान! हेच ठेवा.

मोंढ्यातला दुकानदार, परभणी
पेंटरला सांगितलं. 'सुटे भाग व जोडसामान' मोठ्या अक्षरात, खाली बारीक 'ॲक्सेसरीज', कारण गिऱ्हाईक त्याच नावानं मागतं. क वर जाड रंग द्यायला लावलाय.