फेस (मोरोक्को): जुन्या शहरात स्थानिक न्याहारी कुठे?

प्रश्न: मुक्काम बाब बूजलूद या जुन्या शहराच्या वेशीजवळ. हॉटेलचा ब्रेड-जॅम नकोय. आमच्यात एक जण शाकाहारी आहे. कुठे जावं?

उत्तर १: बाब बूजलूदमधून आत शिरून तलआ कबीरा या गल्लीचा उतार धरा. छोट्या टपऱ्यांवर बिसारा मिळतो: सुक्या फावा बियांचं, लसूण घातलेलं दाट सूप. वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड, सोबत गोल खोब्ज (तिथला पाव). जिरं हात सैल सोडून घाला, नाहीतर सपक लागतं. सकाळीच जा, दुपारपर्यंत पातेलं रिकामं होतं.

उत्तर २: मसेमन (चौकोनी, पदर सुटणारी पोळी), हरशा (रव्याची जाड भाकरी) आणि बग्रीरही खा. बग्रीर एकाच बाजूनं भाजतात, आंबोळीसारखी जाळी पडते. लोणी-मध गरम असतानाच लावा. गार झाली की चिवट होते आणि मध वरच राहतो. म्हणून रचून ठेवलेली नको, तव्यावरची मागा. चहा गोडमिट्ट असतो. नको असेल तर आधीच ‘ब्ला सुक्कर’ सांगा.

उत्तर ३: शाकाहारी माणसानं अंडी मागवताना खलीअ आहे का ते विचारावं. ते चरबीत मुरवलेलं सुकं मांस, बहुधा गोमांस. शुक्रवारी बरीच दुकानं बंद असतात. रमजानात तर दिवसा न्याहारी विसराच.