जुन्या घरातील सागवानी फळ्यांची जमीन: मशीनने तासावी की नुसती स्वच्छ करून तेल द्यावे?

दांडियाबाजारकर
आमचे बडोद्यातील घर सयाजीराव महाराजांच्या काळातले आहे. वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांना कडीपाटाची जमीन आहे, म्हणजे तुळयांवर रुंद सागवानी फळ्या ठोकलेल्या असून त्याच फळ्यांची खालची बाजू दिवाणखान्याचे छत आहे. अनेक वर्षे अंथरलेले लिनोलियम आता काढले, तेव्हा खाली गडद तपकिरी पॉलिश, भिंतीकडेने लाल ऑइलपेंटचा पट्टा आणि खिडकीपाशी पावसाच्या पाण्याने पडलेले काळे डाग दिसले. फळ्यांमधील फटींतून खाली सतत धूळ पडते. एक कंत्राटदार मशीनने सर्व तासून, फटींत लांबी (पुट्टी) भरून चकचकीत पीयू (पॉलियुरेथेनचे वॉर्निश) करण्यास सांगतो. ओळखीचे सुतारकाका मात्र मशीन लावूच नये, अळशीचे तेल पुरेसे आहे, असे म्हणतात. काम दिवाळीपूर्वी उरकावे अशी घरच्यांची इच्छा आहे. कोणाचे ऐकावे?

जुना रंधा
पॉलिश कशाचे आहे हे कळल्याशिवाय दोघांपैकी कोणाचेही ऐकू नये. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा मिनिटभर ठेवून पाहावा. थर चिकट होऊन फडक्याला रंग लागला, तर ते लाखेचे पॉलिश आहे आणि ते स्पिरिट व जाड फडक्याने बरेचसे निघते. तासण्याची गरज त्यामुळे पुष्कळच कमी होते. मात्र त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि घरात देवापुढचा दिवासुद्धा पेटता नसावा.

लाल पट्ट्याला कोरडे घासू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता असते आणि ती भुकटी लहान मुलांना घातक ठरते. पेंट रिमूव्हर लावून, ओलसर असतानाच खरवडून काढावा आणि निघालेला गाळ बांधून टाकावा.

खिडकीजवळचे काळे डाग बहुधा लोखंडी खिळे आणि पाणी यांच्या संयोगाने लाकडातच उतरलेले असतात, म्हणून ते तासून सहसा जात नाहीत. ऑक्झॅलिक ॲसिडचे सौम्य द्रावण हातमोजे घालून लावले, तर ते फिकट होतात. हे द्रव्य विषारी आहे, त्यामुळे नंतर दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसून लाकूड पूर्ण वाळू द्यावे.

मशीन लावायचेच असेल, तर आधी प्रत्येक खिळ्याचे डोके पंचने पृष्ठभागाखाली बसवावे, अन्यथा मशीनचा घासकागद फाटतो. साठ नंबरच्या घासकागदाने (सँडपेपरने) सुरुवात करून ऐंशी आणि शेवटी एकशेवीसवर थांबावे. ड्रमचे जड मशीन एका जागी क्षणभर थबकले, तरी खळगा पडतो. नवख्या कारागिराच्या हाती ते देण्यापेक्षा हाताने घासलेले मला अधिक चांगले वाटते. सागाची भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून मास्क हवाच.

इंदूरची वैजयंती
माझे मत फटींविषयी आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हवेतील दमटपणानुसार फुगते व आक्रसते. नऊ इंची फळी पावसाळा आणि उन्हाळा यांच्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटर सहज हलू शकते. उन्हाळ्यात फटी कडक लांबीने गच्च भरल्या, तर पावसाळ्यात फळ्या फुगून उचलल्या जातात. पावसाळ्यात भरल्या, तर भर पुढे निखळून खाली गळते. म्हणून रुंद फटीत सागाचीच पातळ चीप एकाच कडेला चिकटवून दुसरी कड मोकळी सोडावी आणि बारीक फटींना हात लावू नये. दिवाळीचा हट्ट सोडून हे काम डिसेंबर-जानेवारीपर्यंत ढकललेले बरे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुळयांची भिंतीत शिरलेली टोके खालून तपासा. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण बाहेरच्या फिकट लाकडाला लागते आणि भिंतीच्या ओलीने टोके कुजतात. सळई टोचून आत रुतली, तर आधी तुळई बदलावी, पॉलिशचा विचार नंतर करावा.

दांडियाबाजारकर
आभारी आहे. स्पिरिटने थर लगेच चिकट झाला. राहिला प्रश्न वरच्या थराचा: पीयू की तेल?

जुना रंधा
रोजची ये-जा असलेल्या खोलीत पीयू टिकतो, पण सागाच्या नैसर्गिक तेलामुळे तो कधी कधी पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून पहिल्या थरापूर्वी थिनरने पुसून लगेच लावावा, आणि चकचकीतऐवजी मॅट घ्यावा, कारण त्यात ओरखडे कमी दिसतात. निजायच्या खोलीत मी तेलच देईन, कारण ते झिजले तर तेवढाच भाग घासून पुन्हा देता येतो, उलट पीयूला बहुधा पूर्ण खोली घासावी लागते. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. ती पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत.