हेडटॉर्च कोणता घेतलात, का घेतलात? अनुभव लिहा

बारी गावातून रात्री कळसूबाई चढताना लोखंडी शिडीवर मोबाइल दातात धरला होता. दोन्ही हात शिडीला हवेत आणि उजेडही हवा, हे त्या रात्री नीट कळलं. परत आल्यावर १००० लुमेनचा (लुमेन हे उजेडाचं माप) हेडटॉर्च, म्हणजे कपाळावर बांधायचा दिवा, घेतला. पूर्ण जोरावर लावला की थोड्याच वेळात तो तापतो आणि आपोआप मंद होतो. मागच्या जड बॅटरीने मान धरते ते वेगळंच. आता वाटेवर २०० लुमेनचा हलका वापरतो आणि तो पुरतो. पण माझं काम डोंगरापुरतं. तुम्ही कशासाठी वापरता, निवडताना काय चुकलं, सविस्तर लिहा.

जुन्नर, शेतकरी
आमच्याकडं हिला डोक्याची बॅटरी म्हणतात. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात कांद्याला पाणी भरायला दोन वाजता उठायचं. एका हातात खोरं, दुसऱ्यात बॅटरी, मग वाफ्यात पाणी सोडायला बारं फोडायचं कसं? म्हणून डोक्याची घेतली.

बिबट्यासाठी ती फार कामाची. उजेड आपल्या डोळ्यांजवळून जातो आणि जनावराच्या डोळ्यांवरून तसाच मागं येतो, त्यामुळं उसाच्या कडेचे डोळे लांबून चमकलेले दिसतात. कमरेजवळ धरलेल्या बॅटरीनं तेवढे चमकत नाहीत. लांबवर जाणारा झोत हवा तो यासाठी. सापाचं मात्र उलटं आहे. घोणस बांधावर वेटोळं करून पडलेली असते, तिचे डोळे चमकत नाहीत. कपाळावरच्या उजेडात सावली पडत नाही, वेटोळं आणि ढेकूळ सारखंच दिसतं. एकदा वीतभर अंतरावर पाय पडला होता. तेव्हापासून बांधावरून चालताना दुसरी बॅटरी हातात, अगदी खाली धरतो. पायात गमबूट. घरातल्या पोरांनाही हेच सांगतो: डोक्यावर एक, हातात एक.

पुणे, काजव्यांच्या वेडापायी
मेअखेरीस पुरुषवाडीला जाते. लाल दिवा नसलेला हेडटॉर्च घेऊच नका. काजवे एकमेकांच्या चमकण्यावरूनच जोडीदार शोधतात, त्यांच्यावर पांढरा झोत टाकणं म्हणजे त्यांच्या बोलण्यात आडवं येणं. आपले डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, एका पांढऱ्या झोतात ते सगळं वाया जातं. लाल दिव्यासाठी वेगळं बटण असलेला बघा. काहींमध्ये लालपर्यंत पोचायला आधी पांढरा लागतो. आणि झाडाजवळ पोचलात की लालसुद्धा बंद करा.

आंबोली, बेडूक बघणारा
पावसाळ्यात तीन गोष्टी शिकलो. पाणी आत न शिरण्याचा दर्जा खोक्यावर लिहितात, त्यात आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं, माझा पहिला दिवा चार्जिंगच्या रबरी झाकणातून पाणी शिरून गेला. आता ७ च्या खाली घेत नाही. दुसरं, धुक्यात कपाळावरचा उजेड डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी करतो. दिवा काढून कमरेला बांधला की पायाखालचे दगड दिसतात. तिसरं, निळसर उजेडात बेडकाचे रंग खोटे दिसतात, पिवळसर आणि रंग खरे दाखवणारा घ्या.

ठाणे
खोक्यावर ‘१०० तास’ लिहिलेलं वाचून भुलू नका. उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ त्यात धरतात, तोही बहुधा सर्वांत मंद प्रकाशावरचा. आणि बटणाला लॉक हवंच, माझा सॅकमध्ये दाबला जाऊन रतनगडावर संपलेला निघाला.

नागपूर, हिमालयात जाणारी
केदारकंठाला हिवाळ्यात साधे अल्कलाइन सेल थंडीने मान टाकतात. लिथियमचे घ्या, आणि रात्री दिवा स्लीपिंग बॅगमध्ये सोबत ठेवा.

श्रीवर्धन
३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्या घरी तीन आठवडे वीज नव्हती. मुलाने मुंबईहून दिलेला चार्जिंगचा भारी दिवा दुसऱ्या रात्री संपला, चार्ज करणार कुठे? वाण्याकडे मिळणाऱ्या तीन बारक्या सेलवर चालणारा जुना दिवा मात्र रोज लागला. सासूबाई तो लावून भाकऱ्या थापायच्या, पहाटे विहिरीवर जायच्या. त्याला एकच बटण आहे, ओल्या हातालाही कळतं. दरवर्षी मे संपायच्या आत नवे सेल आणते. ते आत घालून ठेवत नाही, पडून राहिले की गळतात आणि आतल्या पट्ट्या खातात. दिव्याच्याच पट्ट्याला पिशवीत बांधून देवघराशेजारच्या खुंटीला लावते, अंधारातही हात बरोबर तिथे जातो.