‘लिव्हिंग विल’ला मराठीत काय म्हणायचं?

साखळीहून (गोवा): मामा ७८ वर्षांचे. त्यांना लिव्हिंग विल करायचंय, म्हणजे स्वतःला सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचंय, आणि कागद मराठीतच हवा असा हट्ट. मी वर ‘इच्छापत्र’ लिहिलं तर मामी म्हणाल्या, “घर कोणाच्या नावावर करताय?” ‘इच्छामरण अर्ज’ चालेल का?

फोंड्याहून (वकिली करतो): मामींचं काय चुकलं? इच्छापत्र, मृत्युपत्र, विल म्हटलं की लोकांना मालमत्ताच दिसते. गोव्यात तर जास्तच. इथे सक्तीच्या वारसांसाठी, म्हणजे ज्यांना डावलता येत नाही अशांसाठी, अर्धी मालमत्ता राखावी लागते, त्यामुळे विल म्हटलं की घरात कान टवकारतात. मृत्युपत्र माणूस गेल्यावर कामाला येतं. हा कागद माणूस असतानाच, पण त्याला स्वतःला सांगता येत नसेल तेव्हा. ‘वैद्यकीय पूर्वनिर्देश’ लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालातला ‘अ‍ॅडव्हान्स मेडिकल डायरेक्टिव्ह’ त्यात नेमका उतरतो.

साखळीहून: मामा म्हणतात, पूर्वनिर्देश म्हणजे कुळागरात (पोफळीच्या बागेत) पाणी सोडायचं वेळापत्रक वाटतं.

म्हापशाहून (निवृत्त परिचारिका): वाटू दे, पण ‘इच्छामरण’ अजिबात नको. ते भीष्मांचं, मरणाची घटका आपण निवडायची. मामा मरण मागत नाहीत; बरं होण्याची आशा उरली नसताना नुसता जीव लांबवणारे उपचार नकोत म्हणतात. मरण येतं ते आजाराने. इंजेक्शन देऊन मारणं आपल्या कायद्यात आजही गुन्हाच आहे. वर्तमानपत्रं मात्र दोन्हींना एकच मथळा देतात.

‘दयामरण’ही मला खटकतं. मुंबईच्या केईएम इस्पितळात वर्षानुवर्षं अचेत पडून असलेल्या अरुणा शानबाग यांच्यासाठी तशी परवानगी मागितली होती, ती २०११ साली न्यायालयाने नाकारली. ज्यांनी त्यांना इतकी वर्षं सांभाळलं त्या केईएमच्या परिचारिकांचाच विरोध होता. दया कोणी कोणावर करायची? २०१८च्या निकालाने हा प्रश्न दयेवरून हक्कावर आणला, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१मधल्या सन्मानाने जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरणंही धरलं. मग शब्दही तसाच हवा.

आणि शीर्षकापेक्षा आतला मजकूर बघा. ‘नळ्या लावू नका’ असं मोघम लिहू नका. इस्पितळात नातेवाईक “मशीन काढा” म्हणतात तेव्हा त्यांना नेमकं काय काढायचंय ते त्यांनाही ठाऊक नसतं. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातल्या नळीतून अन्न, हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते सुरू करणं, एकेक नाव घालून लिहा. खाली हेही: ‘वेदना कमी करणारे उपचार आणि शुश्रूषा शेवटपर्यंत चालू ठेवावी.’ ही ओळ नसली तर घरच्यांना वाटतं, आपण माणसाला टाकून दिलं.

फोंड्याहून: सहमत. रीतीचं सांगतो. २०२३मध्ये न्यायालयाने ती सोपी केली. पूर्वी दंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात तेव्हा असलेले न्या. महेश सोनक यांनी मे २०२४मध्ये स्वतःचं असं पत्र केलं, तेव्हापासून आमच्याकडे विचारणा होते. वेळ आली म्हणजे कागद दाखवला आणि उपचार थांबले असं होत नाही. इस्पितळाचं एक वैद्यकीय मंडळ बघतं, मग दुसरं. दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

एक शब्द अडतो, ‘गार्डियन’. ‘पालक’ लिहिलं तर ७८ वर्षांच्या माणसाला शाळेत घातल्यासारखं होतं. मी लिहितो, ‘माझ्या वतीने निर्णय सांगणारी व्यक्ती’. लांब आहे, पण वाद होत नाही. एकाहून अधिक नावं देता येतात, क्रम मात्र लिहा.

साखळीहून: मामांना हे पटलं. पहिलं नाव मामींचं, दुसरं माझं. वर ‘उपचारांविषयी माझा पूर्वनिर्देश’ लिहितोय, ‘वैद्यकीय’ त्यांनीच खोडलं. एक प्रत पंचायतीत द्यायची ना?

फोंड्याहून: हो, आणि पोच घ्या. एक घरच्या डॉक्टरांकडेही ठेवा.