जुने कपडे घेणं पुण्य, मग कापूस लावणं पाप का?

पारोळेकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं. सुती घेणं बंद करा, सेकंडहँड वापरा." राग आला. आमच्याकडचा बहुतेक कापूस कोरडवाहू. त्या आकड्यात पावसाचं पाणीही धरलंय. कापूस नसता तर तेच पाणी ज्वारीनं प्यालं असतं. पाणी नासतं ते रंगाईत. तिरुपूरच्या कारखान्यांनी नोय्यल नदी इतकी नासवली, की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला ते बंद करायला सांगावं लागलं. तो हिशोब शेतकऱ्याच्या माथी कशाला?

अमळनेरची, सध्या पुणे: ते मीच लिहिलं होतं. पारोळ्याचं ठीक आहे. चोपडा-यावलला भर मे महिन्यात ठिबकवर कापूस लावतात, तेव्हा विहिरींची काय अवस्था असते? आणि फवारण्या? माझे काका फवारताना शेतातच कोसळले होते. आठ दिवस दवाखान्यात होते.

धुळेकर: हौसेनं फवारतो का आम्ही? २००२ ला अळीला तोंड देणारं बीटी बियाणं आलं तेव्हा फवारण्या कमी झाल्या होत्या. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही जुमानेना. आणि भावाचं बोला ना. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला ८,११० रुपये. माझा घरून व्यापाऱ्याला ६,८०० नं गेला, वर काट्यात क्विंटलमागे दोन किलो मारले.

पारोळेकर: दोनच? आमच्याकडे ओलावा सांगून तीन कापले भो. कापूस उन्हात कडकडीत वाळवलेला होता!

धुळेकर: त्यात ऑगस्ट २०२५ ला कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकलं. आमचा माल घरात यायच्या आधीच.

अमळनेरची, सध्या पुणे: विषय कपड्यांचा होता.

धुळेकर: कपडा काय झाडाला लागतो ताई? कापसातूनच येतो ना!

नंदुरबारची मावशी: भांडू नका रे. आमच्या दारात बोहारीण यायची. आई दोन पँटी अन् एक साडी देऊन पातेलं घ्यायची, तासभर घासाघीस चालायची. जुन्या लुगड्यांची गोधडी व्हायची, ती फाटली की पोतेरं. तेव्हा पर्यावरण हा शब्दसुद्धा कानावर नव्हता. आता कपाट पॉलिएस्टरनं भरलंय. पेट्रोलियमचं कापड ते, प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. त्याच्यावर का नाही लिहिलंस गं?

अमळनेरची, सध्या पुणे: लिहायला हवं होतं. "सुती बंद करा" हे चुकलं, "नवं कमी घ्या" एवढंच म्हणते. फवारणीचा मुद्दा मात्र सोडणार नाही.

पारोळेकर: नका सोडू. काकांचं वाचून वाईट वाटलं. आम्हीही तोंडाला नुसता रुमाल बांधूनच फवारतो.

धुळेकर: अन् काट्याचं?